मावळ व लोणावळा परिसरातील शासकीय योजना : निर्वाह, रोजगार आणि स्वच्छ ऊर्जा

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, सह्याद्रीच्या माथ्यावर मावळ तालुका वसलेला आहे. वडगाव हे तालुक्याचे ठिकाण असून लोणावळा आणि तळेगाव दाभाडे ही त्यातील मोठी शहरे होत. आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ ही खोऱ्यांची जुनी नावे लोकांच्या बोलण्यात आजही टिकून आहेत. द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या प्रवाशास येथे बंगले, हॉटेले आणि कारखाने दिसतात. डोंगराच्या पोटाशी असलेल्या कातकरी, ठाकर व महादेव कोळी बांधवांच्या वाड्या मात्र त्याच्या दृष्टीस पडत नाहीत. रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात आम्हाला वारंवार प्रश्न विचारले जातात: अमुक योजना आम्हाला लागू आहे काय? दाखला कोठे मिळेल? छपरावर सौर पट्ट्या बसवाव्यात की नाही? या प्रश्नांची उत्तरे एकत्र मिळावीत म्हणून हा लेख सिद्ध केला आहे. सर्वच योजनांचा परामर्श घेणे येथे शक्य नाही. ज्यांचा संबंध आपल्या भागातील गरीब कुटुंबांशी थेट येतो त्यांचाच विचार आम्ही केला आहे.

पाणी येथले, वीज मुंबईची

स्वच्छ ऊर्जा हा शब्द अलीकडे रूढ झाला असला तरी ती ऊर्जा मावळाला शंभर वर्षांपासून परिचित आहे. जमशेटजी टाटा यांनी सह्याद्रीच्या पावसापासून वीज निर्माण करण्याची कल्पना मांडली. १९०४ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतर त्यांच्या वारसांनी ती पुढे नेली. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी स्थापन झाली, १९११ मध्ये लोणावळा येथे कामाची कोनशिला बसविण्यात आली आणि १९१५ मध्ये खोपोली येथील वीजकेंद्र सुरू झाले. लोणावळा, वळवण आणि शिरोता येथील जलाशयांत साठविलेले पाणी नळांतून घाटाखाली सुमारे पाचशे मीटर खोल सोडायचे, त्या वेगावर जनित्रे फिरवायची आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना पुरवायची, अशी ती रचना होती. पुढे आंद्रा नदीवर ठोकरवाडी धरण बांधून १९२२ मध्ये भिवपुरी येथील केंद्र चालू करण्यात आले. हे सर्व जलाशय आजही भरतात आणि ही केंद्रे आजही वीज देतात.

या कामाची किंमत कोणी मोजली हेही स्मरणात ठेवले पाहिजे. शेजारच्या मुळशी खोऱ्यात टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे यांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ या काळात शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. धरण झालेच, शेतकऱ्यांची गावे पाण्याखाली गेली. पवन मावळात १९७२ च्या सुमारास पवना धरण पूर्ण झाले आणि त्या धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अनेक दशके रेंगाळला. पवनेचे पाणी बंद नळाने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला विरोध करणाऱ्या आंदोलकांवर ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात एका महिलेसह तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर त्या योजनेचे काम थांबविण्यात आले. विकासाच्या नावाने सरकारी माणूस दारी आला की मावळातील वृद्ध मंडळी साशंक का होतात, हे समजण्यास एवढा इतिहास पुरेसा आहे.

आता याच पाण्यावर नवे काम येऊ घातले आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासन आणि टाटा पॉवर कंपनी यांच्यात सुमारे १३ हजार कोटी रुपयांच्या दोन उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा सामंजस्य करार झाला. त्यांपैकी शिरोता येथील प्रकल्प १,८०० मेगावॅटचा आणि भिवपुरी येथील १,००० मेगावॅटचा आहे. उदंचन म्हणजे पाणी वर उचलणे. दुपारी सौर वीज मुबलक असते तेव्हा त्या विजेने खालच्या जलाशयातील पाणी वरच्या जलाशयात चढवायचे आणि संध्याकाळी मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज मिळवायची. तुलनेसाठी सांगायचे तर जुन्या खोपोली केंद्राची क्षमता ७२ मेगावॅट आहे. अशा प्रकल्पात बांधकामाच्या काळात हातांना काम मिळते. काम पूर्ण झाल्यावर केंद्र चालविण्यास थोडीच आणि तीही तांत्रिक शिक्षण घेतलेली माणसे लागतात. म्हणून आपल्या तरुणांनी वीजतंत्री, जोडारी किंवा वेल्डिंग या विषयांचे औद्योगिक प्रशिक्षण आधीच घेऊन ठेवावे, असे आमचे मत आहे. ज्या गावांच्या शिवारात काम होणार आहे तेथील ग्रामसभांनी जमीन व पाणी यांविषयीचे प्रश्न लेखी विचारावेत आणि उत्तरेही लेखीच घ्यावीत.

रोजगाराची हमी

काम मागणाऱ्यास काम देणे हे शासनाचे कर्तव्य आहे, हा विचार कायद्यात प्रथम आणला तो महाराष्ट्राने. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग केला. १९७२ च्या दुष्काळात लाखो लोक या कामांवर जगले. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. या योजनेसाठी शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेतला जाऊ लागला. आपल्या पगारपत्रकावर तो आजही दिसतो. पुढे २००५ मध्ये संसदेने याच धर्तीवर देशव्यापी कायदा केला, जो नंतर महात्मा गांधींच्या नावाने ओळखला गेला. त्यान्वये ग्रामीण कुटुंबास वर्षाला १०० दिवस अकुशल कामाची हमी मिळाली. मागणीनंतर १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्ता, घरापासून पाच किलोमीटरच्या आत काम, लाभार्थींत किमान एक तृतीयांश महिला आणि मजुरी थेट खात्यात, या त्यातील ठळक तरतुदी होत्या. महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षासाठी मजुरीचा दर दिवसाला ३१२ रुपये ठरविण्यात आला होता. लोणावळ्यात बांधकामावर जाणाऱ्या मजुरास याहून अधिक मिळते, हे खरे. परंतु ते काम रोज मिळत नाही आणि लहान मूल कडेवर असलेल्या मातेला तेथे कोणी उभे करीत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने या कायद्याच्या जागी विकसित भारत रोजगार व आजीविका हमी अभियान (ग्रामीण) हा नवा कायदा संमत केला. राज्यांनी त्यानुसार आपापली योजना सहा महिन्यांत तयार करावी, असे त्यात म्हटले आहे. नव्या कायद्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ करण्यात आले आहेत. मात्र दोन बदल आपण नीट समजून घेतले पाहिजेत. पूर्वी अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्र सरकार उचलीत असे. आता महाराष्ट्रासारख्या राज्याने एकूण खर्चातील ४० टक्के वाटा उचलायचा आहे. दुसरे असे की पेरणी व कापणीच्या ऐन हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत ही कामे बंद ठेवता येतील. मावळात भाताची लावणी जुलैत आणि कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. इंद्रायणी तांदूळ पिकविणाऱ्या शेतकऱ्याला त्या वेळी मजूर हवे असतात, म्हणून त्याला हा बदल सोयीचा वाटेल. परंतु ज्या वाडीला लावणीचे बोलावणे येत नाही, तिच्यासाठी पावसाळा हाच उपासमारीचा काळ असतो. तेव्हा हमी बंद राहिली तर त्या कुटुंबाने कोठे जावे, याचे उत्तर राज्याच्या योजनेत असले पाहिजे.

नियम कोणताही असो, काम तोंडी मागू नये. ग्रामपंचायतीत किंवा ग्रामरोजगार सेवकाकडे लेखी मागणी द्यावी आणि तारखेची पोच घ्यावी. पोच नसेल तर बेकारी भत्त्याचा हक्क कागदावर उरत नाही. आजवर रोजगार हमीतून पाझर तलाव, समतल चर, शेततळी आणि फळबाग लागवड अशी कामे झाली. ती टिकाऊ व्हावीत यासाठी गावाने स्वतः आराखडा तयार करावा लागतो. याबाबत महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला सांगण्यासारखे एक उदाहरण आहे. स्वित्झर्लंडहून आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यात अनेक वर्षे पाणलोट विकासाचे काम केले. पुढे क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी १९९३ मध्ये वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही पुणे येथील संस्था उभारली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत क्रमाने काम, गावाचे श्रमदान आणि निर्णय ग्रामसभेचा, ही त्यांची पद्धत शासकीय योजनांतही पुढे रुजली.

कातकरी वाड्यांचा प्रश्न

महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींना केंद्र शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्यता दिली आहे. त्यांपैकी कातकरी आपल्या भागात राहतात. खैराच्या झाडापासून कात काढणारे म्हणून त्यांना हे नाव पडले. जंगल कायद्यांनी तो धंदा संपला. आता अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडण्याच्या कामावर जातात व मे महिन्यात परततात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यात त्यांचे अर्धे वर्ष जाते आणि मुलांची शाळा सुटते.

या ७५ असुरक्षित जमातींसाठी १५ नोव्हेंबर २०२३ रोजी पंतप्रधान जनमन अभियान सुरू झाले. तीन वर्षांसाठी सुमारे २४ हजार कोटी रुपयांची तरतूद त्यात करण्यात आली. पक्के घर, रस्ता, नळाचे पाणी, फिरता दवाखाना, अंगणवाडी, वसतिगृह आणि वीज अशी अकरा कामे त्यात आहेत. जेथे विजेच्या तारा पोहोचविणे परवडत नाही त्या घरांना छोटा सौर संच देण्याची तरतूद आहे. घरकुलासाठी शौचालय व मजुरी धरून सुमारे २ लाख ३९ हजार रुपये ठरविण्यात आले. सर्वसाधारण प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात. त्यावर महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ५० हजारांची भर घातली असून त्यातील १५ हजार रुपये छपरावरील सौर संचासाठी आहेत.

रक्कम आली तरी घर उभे राहत नाही, हा अनुभव अनेक वाड्यांचा आहे. कारण घर बांधण्यास जागा स्वतःच्या नावावर लागते. बहुसंख्य कातकरी वाड्या खासगी मालकीच्या जमिनीवर, वनजमिनीवर किंवा गायरानावर आहेत. पिढ्यान्‌पिढ्या मालकाच्या शेताच्या कडेला राहिलेले कुटुंब जमिनीचे भाव वाढताच नकोसे होते, आणि लोणावळ्याच्या आसपास जमिनीचे भाव कोठे जाऊन पोहोचले आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. वनजमिनीवर १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा असल्यास वनहक्क कायदा, २००६ अन्वये ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे दावा करता येतो. घरकुलासाठी जागा विकत घेण्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची शासकीय साहाय्य योजनाही आहे. तिचा अर्ज पंचायत समितीत करावा.

दुसरी अडचण जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबाने शाळा पाहिली नाही आणि ज्याच्या नावे सातबारा नाही, त्याने १९५० चा कागद कोठून आणावा? अशा वेळी गावाचा जुना जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, एखाद्या चुलत नातेवाइकाचा पडताळणी झालेला दाखला आणि स्थानिक गृहचौकशी यांचा आधार घेता येतो. दाखला उपविभागीय अधिकारी देतात. आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय आंबेगाव तालुक्यात घोडेगाव येथे आहे. आंदर मावळातील मजुरासाठी तेथवर जाऊन येणे म्हणजे एका दिवसाची मजुरी आणि प्रवासखर्च दोन्ही बुडणे होय. म्हणून वाडीवरच दाखल्यांची शिबिरे व्हावीत, अशी मागणी ग्रामसभेत ठरावाने करणे इष्ट ठरते.

ख्रिस्ती कुटुंबे आणि जातीचा दाखला

याच संदर्भात आपल्या समाजाचा एक प्रश्न स्पष्ट करणे आवश्यक आहे, कारण त्याबाबत फार गैरसमज आढळतात. अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नाही. ख्रिस्ती झालेला ठाकर किंवा महादेव कोळी कायद्याने आदिवासीच राहतो. अनुसूचित जातीचे तसे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदानुसार हा दर्जा प्रथम केवळ हिंदूंना होता. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना तो लागू झाला. दलित ख्रिस्ती अद्याप त्याबाहेर आहेत. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात होतो व त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. या प्रश्नाचा अभ्यास करण्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमण्यात आला आणि त्याची मुदत वाढविण्यात आली.

याचा व्यवहारात अर्थ असा. सौर पंपाच्या योजनेत अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यास ५ टक्के आणि इतरांस १० टक्के हिस्सा भरावा लागतो. दलित ख्रिस्ती शेतकरी या दुसऱ्या गटात येतो. लाभ मिळावा म्हणून कागदोपत्री एक धर्म आणि जीवनात दुसरा, असे काही कुटुंबे करतात. त्यामागील हतबलता आम्ही जाणतो. तथापि पडताळणीच्या वेळी असा दाखला रद्द झाला तर मुलाचे शिक्षण व नोकरी दोन्ही धोक्यात येतात, हे पालकांनी आधीच लक्षात घ्यावे. ख्रिस्ती समाज १९९३ पासून केंद्राच्या अधिसूचनेनुसार अल्पसंख्याक आहे. पहिली ते आठवीच्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती केंद्राने २०२२ मध्ये बंद केली. उच्च शिक्षणासाठी राज्याच्या मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळाकडून कर्ज मिळू शकते.

चूल, गॅस आणि शेण

घरातील धुरामुळे होणाऱ्या रोगांनी २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. पावसाळ्यात ओल्या लाकडांवर भाकरी भाजणाऱ्या मावळातील स्त्रीला हे आकडेवारीतून समजावून सांगण्याची गरज नाही. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गरीब घरांतील स्त्रियांच्या नावे गॅसजोडणी दिली. ऑक्टोबर २०२३ पासून या जोडणीधारकांना प्रत्येक सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान देण्यात येऊ लागले. २०२५-२६ साठी ते वर्षाला नऊ सिलिंडरांपर्यंत मंजूर झाले होते. राज्याच्या २०२४ मधील मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेने वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याची घोषणा केली. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी: सिलिंडर घेताना पूर्ण पैसे रोख द्यावे लागतात आणि अनुदान नंतर खात्यात येते. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात ही रक्कम एकरकमी हाती नसते, म्हणून जोडणी असूनही चूल पेटते.

ज्यांच्या दारी चार-पाच जनावरे आहेत त्यांनी गोबर गॅसचा विचार अवश्य करावा. दोन घनमीटरच्या संयंत्रास रोज साधारण ५० किलो शेण लागते आणि चार-पाच माणसांचा स्वयंपाक होतो. मळी भातखाचरास उत्तम खत ठरते. घुमट जमिनीखाली असणारे ‘दीनबंधू’ संयंत्र १९८४ मध्ये अफप्रो या संस्थेने विकसित केले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही ख्रिस्ती प्रवाहांच्या पुढाकाराने ही संस्था १९६६ मध्ये स्थापन झाली होती. विटा-सिमेंटचे असल्याने ते गंजत नाही. हिवाळ्यात गॅस कमी येतो, एवढी त्याची मर्यादा आहे. अनुदानाची चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात करावी.

छपरावरची वीज

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. एक कोटी घरांचे उद्दिष्ट व ७५ हजार कोटी रुपयांची तरतूद असलेली ही योजना २०२६-२७ पर्यंत चालावयाची आहे. एक किलोवॅटच्या संचास ३० हजार, दोन किलोवॅटला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळते. एका किलोवॅटला सुमारे शंभर चौरस फूट मोकळे, सावली नसलेले छप्पर लागते आणि स्वच्छ उन्हात दिवसाला सरासरी चार युनिट वीज तयार होते.

हे गणित पुण्यास जसेच्या तसे लागू पडते, लोणावळ्यास नाही. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या गावात जून ते सप्टेंबर सूर्यदर्शनच दुर्मीळ असते. म्हणून विक्रेता ‘महिन्याला ३६० युनिट’ म्हणतो तेव्हा ते आकडे डिसेंबर ते मे या काळाचे समजावेत आणि पावसाळ्यातील घट वजा करूनच हिशेब करावा. येथे नेट मीटरची सोय उपयोगी पडते. उन्हाळ्यात वापरून उरलेली वीज महावितरणच्या वाहिनीत जाते आणि ती पुढील बिलात वळती होते. मात्र हा हिशेब आर्थिक वर्षअखेर, म्हणजे मार्चमध्ये मिटविला जातो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांतील शिल्लक पावसाळ्याच्या उपयोगी येते, तर हिवाळ्यातील शिल्लक पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. गरजेपेक्षा मोठा संच बसविण्यात म्हणूनच शहाणपण नाही. तळेगाव-वडगावच्या बाजूस पाऊस बराच कमी असल्याने तेथे उत्पादन अधिक मिळते. उताराच्या पत्र्याच्या किंवा मंगलोरी कौलांच्या छपरावर सांगाडा वाऱ्यापावसात टिकेल काय, हे अभियंत्याकडून तपासून घ्यावे.

अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर वीजग्राहक क्रमांकाने करावयाचा असतो. विक्रेता नोंदणीकृत असावा आणि पट्ट्या भारतीय बनावटीच्या असाव्यात, अन्यथा अनुदान मिळत नाही. वीजबिल अर्जदाराच्याच नावे हवे. आमच्या परिचयातील एका विधवा भगिनीचे बिल दिवंगत सासऱ्यांच्या नावावर होते. नाव बदलण्यासाठी वारसांच्या संमतीची कागदपत्रे जमविता जमविता त्यांचे एक वर्ष गेले. ज्यांच्या घरी अशी स्थिती आहे त्यांनी सौर संचाचा विचार नंतर करावा, नावाची दुरुस्ती आज करावी. तसेच हे अनुदान निवासी ग्राहकांसाठी आहे. गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी प्रति किलोवॅट १८ हजार रुपये मिळतात. चर्च, शाळा किंवा दवाखाना चालविणाऱ्या न्यासांस ते मिळत नाही. न्यासांनी संच बसविल्यास संपूर्ण खर्चाचा हिशेब करूनच निर्णय घ्यावा.

शेतीसाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजना आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून अधिक जमिनीस साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. पाण्याचा शाश्वत स्रोत असणे बंधनकारक आहे.

निराधार, महिला आणि फेरीवाले

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून चालू आहे. निराधार, विधवा, दिव्यांग आणि दुर्धर आजाराने ग्रस्त व्यक्तींना, तसेच श्रावणबाळ योजनेत ६५ वर्षांवरील वृद्धांना, जुलै २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये मिळू लागले; दिव्यांगांसाठी ही रक्कम ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० करण्यात आली. सर्वसाधारण अर्जदारासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २१ हजार रुपये आहे. दिवसाला साठ रुपयांहून कमी मिळविणारा माणूस मावळात जगू शकतो काय, हे विचारण्यासारखे आहे. मर्यादा वाढविली पाहिजे असे आम्हाला वाटते. अर्ज वडगाव येथील तहसील कार्यालयात करावा. जून २०२४ मध्ये जाहीर झालेल्या ‘माझी लाडकी बहीण’ योजनेत २१ ते ६५ वयोगटातील पात्र महिलांना १,५०० रुपये देण्यात येऊ लागले. अर्ज भरण्याची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची करण्यात आली. शिधापत्रिकेवरील धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे: अंत्योदय कुटुंबास ३५ किलो, प्राधान्य कुटुंबास माणशी ५ किलो. वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाने तेथील दुकानात हेच धान्य मागावे. देशात कोठेही ते मिळण्याची तरतूद आहे.

लोणावळ्यात कणसे, चहा व चिक्की विकणाऱ्यांचे पोट पावसाळी पर्यटनावर चालते. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल कोसळून चौघांचा मृत्यू झाला. अशा दुर्घटनांनंतर धोक्याच्या स्थळी जाण्यास बंदी होते. ती योग्यच असते, पण त्या आठवड्यांत फेरीवाल्याची कमाई थांबते. त्यांच्यासाठी २०२० मध्ये सुरू झालेली पीएम स्वनिधी योजना २०३० पर्यंत वाढविण्यात आली असून पहिले कर्ज १५ हजार, दुसरे २५ हजार आणि तिसरे ५० हजार रुपयांचे आहे. त्यासाठी नगरपरिषदेचे ओळखपत्र किंवा शिफारसपत्र लागते. गवंडी, सुतार, शिंपी, टोपल्या-झाडू विणणारे अशा १८ व्यवसायांसाठी सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे; तिच्यात प्रशिक्षणकाळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजाने कर्ज मिळते. सौर संच बसविणे व दुरुस्त करणे यासाठी ‘सूर्यमित्र’ नावाचे प्रशिक्षण २०१५ पासून दिले जाते. बारावीनंतर घरी बसलेल्या मुलामुलींनी त्याची चौकशी करावी.

कागदपत्रांविषयी

आधार, शिधापत्रिका, बँक पासबुक, रहिवासी व उत्पन्नाचा दाखला या पाच कागदांवर नाव आणि जन्मतारीख एकसारखी असणे आवश्यक आहे. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेत दुसरे आणि आधारवर तिसरे, असे आपल्या समाजात नेहमी घडते. ‘मेरी’ व ‘मारिया’ या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. अशा वेळी राजपत्रात नाव प्रसिद्ध करून घ्यावे लागते. धर्मग्रामाच्या नोंदवहीतील जुने उतारे हे वास्तव्याचे उपयुक्त पूरक पुरावे असतात, म्हणून त्या नोंदवह्या जपून ठेवाव्यात.

उत्पन्नाचा किंवा रहिवासी दाखला ‘आपले सरकार’ सेवा केंद्रातून ठरावीक शुल्कात मिळतो. त्याहून अधिक पैसे मागितल्यास पावती मागावी. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. मुदत टळल्यास किंवा अर्ज फेटाळल्यास ३० दिवसांच्या आत अपील अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते. त्यासाठी अर्जाची पोच, तिच्यावरील क्रमांक व तारीख एवढेच पुरते.